थंड हवेचा डंका आणि मिरजेची वाट

महाबळेश्वरी लॉडविक पॉइंटवर एक स्तंभ आहे. १८२४ मध्ये या डोंगरावर पाय ठेवणारा पहिला युरोपियन म्हणून जनरल पीटर लॉडविकचा गौरव त्यावर कोरला आहे. पुढे ‘पहिला युरोपियन’ हे शब्द गळाले आणि ‘महाबळेश्वरचा शोध लॉडविकने लावला’ एवढेच उरले. कृष्णेच्या उगमाशी शतकानुशतके येणारे यात्रेकरू मात्र कुणाच्या हिशेबात आले नाहीत.

हा डंका वाजला तो मुंबई बंदरासाठी. उकाड्याने हैराण झालेल्या गोऱ्या अंमलदारांना हवापालटाची जागा हवी होती. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आला. १८२९ च्या करारान्वये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा दिली व मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. साताऱ्याहून वर येणारा रस्ताही महाराजांनीच बांधून दिला. वसाहतीला नाव पडले माल्कम पेठ! ज्यांनी जमीन दिली, त्या महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून बनारसला धाडले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला.

सरकारी डॉक्टरांनी हवेची तारीफ लिहिली, प्रवासाच्या मार्गदर्शिका निघाल्या, कडेकपारींना साहेबांची नावे मिळाली. साहेबांच्या टेबलावरचे बटाटे आणि भाजीपाला पिकवला तो येथे आणलेल्या चिनी कैद्यांनी. 

याच मुलखात, आजच्या सांगली जिल्ह्यात, मिरज आहे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे लोक येत राहिले ते कुठल्याही मार्गदर्शिकेवाचून. उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यांचे वारस ‘सतारमेकर’ म्हणून मशहूर झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, दर्ग्यात गायले आणि १९३७ मध्ये इंतकालानंतर तेथेच दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरू लागली.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले २०१० मध्ये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले.

पर्यटनाचा इतिहास बहुधा पाहुण्याच्या नजरेने लिहिला जातो. ज्याच्या हाती कागद आणि छापखाना होता, त्याचे नाव कड्यावर राहिले. ज्यांच्या हाती कुदळ होती, कानस होती, ते तोंडी आठवणीत उरले आणि तोंडी आठवण दोन-तीन पिढ्यांत विरते. मिरजेच्या कारागिरांची, उरुसाच्या मानकऱ्यांची, दर्ग्यात गाऊन गेलेल्या कलावंतांची नोंद आपण मराठीत करायला हवी. मिरजेला येणाऱ्या वाटसरूच्या हाती आपण लिहिलेले चार कागद तरी असावेत.