निफाड ते मित गम्र : विश्वासाच्या कर्जाचा मागोवा

बिनव्याजी बँकेचा विषय निघाला की नजर आखाती देशांकडे जाते. पण ज्या विश्वासावर ती उभी आहे त्याचा माग काढत गेलं, तर एक वाट आपल्या निफाडवरूनही जाते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा आला आणि पुढे रानड्यांनी त्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. कायद्याने सावकाराला आवर घातला. पेरणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरलाच. ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँक सुचवली, रानड्यांनी ती उचलून धरली, लंडनच्या सरकारने नाकारली.

रानडे १९०१ मध्ये गेले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो जर्मनीतल्या राइफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांच्या धर्तीवर. संस्था एका गावाची, सभासद एकमेकांना ओळखणारे, आणि कर्ज बुडालं तर जबाबदारी सगळ्यांची. साहजिकच तारणाआधी माणूस पारखला जाई.

त्याच जर्मनीत शिकलेल्या अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये इजिप्तमधल्या मित गम्र गावी व्याजाविना चालणारी बचत बँक काढली. नमुना जर्मन बचत बँकांचा, नीती इस्लामची. त्या नीतीतही विश्वासच आधी येतो : पैगंबर होण्याआधी मुहंमद ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखले जात. लोक आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. हाच विश्वास इस्लामी व्यवहारातल्या भागीदारीत दिसतो. ‘मुदारबा’ करारात एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट. नफा ठरल्या हिश्शाने वाटायचा. हयगय नसताना तोटा आला तर पैसा भांडवलदाराचा जातो, राबणाऱ्याची मेहनत जाते. हिशेब लपवला की विश्वासच मोडतो.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१५ मध्ये नेहमीच्या बँकांमध्ये अशा बिनव्याजी व्यवहारांसाठी वेगळ्या खिडकीची शिफारस केली होती. २०१७ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला.

धर्म वेगळे, देश वेगळे, अनुभव एकच : देणारा जोखमीत भागीदार असेल आणि वही सर्वांसमोर उघडी असेल, तरच विश्वास टिकतो. आपल्या विकास सोसायट्या आणि पतसंस्था याच पायावर उभ्या राहिल्या. म्हणून सभासदांनो, वार्षिक सभेला जा, ताळेबंद वाचा, मोठ्या थकबाकीबद्दल विचारा. संस्थेवरचा विश्वास जपण्याची जबाबदारी तुमचीही आहे.