पऱ्हाटी एक, याद्या तीन

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रीपदावर सलग सर्वांत जास्त काळ राहिलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावचा. गाव गहुली, तालुका पुसद. वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या खुर्चीवर होते. म्हणजे अकरा वर्षांहून जास्त. पुढे 1991 मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. 1960 पासून विदर्भाने राज्याला चार मुख्यमंत्री दिले: मारोतराव कन्नमवार, दोन नाईक आणि देवेंद्र फडणवीस. त्यातले दोन एकाच घरचे.

आता यवतमाळचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा काय आठवतं? शेतकरी आत्महत्या. मग प्रश्न साहजिक आहे. ज्या घरात तेरा वर्षं राज्याची सत्ता होती, त्या घराच्या आसपासचा कापूसवाला असा उघडा का पडला? चावडीवर याची दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘आपल्याच पुढाऱ्यांनी काही केलं नाही.’ दुसरं, ‘सगळं दिल्लीनं अडवलं.’ दोन्ही अर्धी आहेत. उरलेलं अर्धं उत्तर शोधायचं तर मुख्यमंत्र्याच्या हातात नेमकं काय असतं ते पाहावं लागेल. आणि ते पाहायला पऱ्हाटीच्या झाडाइतकी चांगली जागा नाही.

एका झाडाचे तीन धनी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अधिकारांच्या तीन याद्या आहेत. केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून, म्हणजे समवर्ती. शेती राज्याच्या यादीत आहे. कच्च्या कापसाचा व्यापार, मग सरकी काढलेली असो वा नसो, समवर्ती यादीच्या 33 व्या नोंदीत आहे. आयात-निर्यात केंद्राच्या यादीत.

म्हणजे पऱ्हाटी शेतात उभी आहे तोवर ती मुंबईची. कापूस वेचून गाडीत भरला की तो मुंबई आणि दिल्ली दोघांचा. गाठ बांधून बंदरावर गेली की दिल्लीची. शेतकऱ्याच्या हातात मात्र भाव एकच पडतो आणि तो या तिन्ही ठिकाणी मिळून ठरतो. मुख्यमंत्री कितीही मोठा असला तरी त्याचा हात झाडाच्या बुंध्याशी पोचतो. शेंड्यापर्यंत पोचेलच असं नाही.

घर एक, राज्यं तीन

वसंतरावांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. वकिली करता करता 1946 मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. 1952 च्या निवडणुकीत आमदार झाले ते तेव्हाच्या मध्य प्रदेशचे. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री होते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. गहुली जागची हलली नाही, पण चार वर्षांच्या आत गावाचं राज्य दोनदा बदललं. वसंतराव तिन्ही राज्यांच्या सरकारांत होते.

घटनेच्या कलम 3 नुसार राज्याच्या सीमा संसद बदलते. संबंधित विधानसभेचं मत विचारलं जातं, पण ते मानायचं बंधन संसदेवर नाही. ज्या राज्याचा मुख्यमंत्री व्हायचं, ते राज्यच दिल्लीत आखलं जातं, हे वसंतराव मुख्यमंत्री होण्याआधीच पाहून बसले होते.

ज्वारी: स्वतःच्या यादीतलं काम

ते खुर्चीवर आले तेव्हा देशात धान्याची टंचाई होती. अमेरिकेतून पीएल 480 खाली गहू येत होता. एका भागातून दुसऱ्या भागात धान्य न्यायला बंधनं होती. तुटीच्या राज्याच्या मुख्यमंत्र्याचं मोठं काम म्हणजे दिल्लीकडून कोटा वाढवून आणणं.

नाईकांनी कोटा मागितलाच, पण सगळा भर दिला तो पूर्णपणे राज्याच्या यादीत असलेल्या गोष्टीवर, म्हणजे शेतीवर. सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचं वाण 1964 मध्ये आलं होतं. ते गावोगाव पोचवायला त्यांनी सरकारी यंत्रणा कामाला लावली. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते शनिवारवाड्यासमोर म्हणाले होते, ही गोष्ट अजून सांगितली जाते. तो शब्द पूर्ण खरा ठरला असं नाही. 1972 च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. पण गावात म्हाताऱ्या माणसांना विचारा. ‘हायब्रीड’ म्हटलं की त्यांना आजही ज्वारीच आठवते. 1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ उभं राहिलं तेही याच काळात.

कापूस: दोघांच्या यादीतलं धाडस

ज्वारीत राज्य मोकळं होतं, कापसात नव्हतं. तरीही नाईक सरकारने 1971 मध्ये कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून तो लागू झाला. कल्पना सरळ होती. शेतकऱ्याने कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारी खरेदी केंद्रावर आणायचा. प्रतवारीप्रमाणे हमीभाव घ्यायचा. गाठी आणि सरकी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पुन्हा शेतकऱ्याला. तोटा झाला तर तो सरकारच्या अंगावर.

विषय समवर्ती असल्यामुळे या कायद्याला राष्ट्रपतींची संमती लागली. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे खरी संमती दिल्लीच्या सरकारची.

योजनेतली मोठी फट मात्र कायद्यात नव्हती, नकाशात होती. यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा आहे आणि पलीकडे आदिलाबाद, तेव्हाचं आंध्र प्रदेश. पलीकडे भाव चढला की कापूस रातोरात नदी ओलांडायचा. इकडे हमीभाव चढा असला की पलीकडचा कापूस इकडच्या केंद्रावर यायचा. राज्याला आपल्या हद्दीत एकाधिकार घेता येतो, हद्दीभोवती भिंत बांधता येत नाही. शिवाय परदेशात किती गाठी जाऊ द्यायच्या हे दिल्लीच ठरवत होती, म्हणजे बाजार चढा असताना माल विकण्याची मोकळीकही राज्याला नव्हती.

पण सगळं खापर दिल्लीवर फोडता येणार नाही. प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मर्जी, केंद्रावर दिवसेंदिवस उभ्या गाड्या, महिनोन्महिने थकलेले चुकारे, ही राज्याची स्वतःची करणी होती. पुढच्या सरकारांनी केंद्राच्या आधारभूत किमतीच्या बऱ्याच वर भाव दिले आणि तोटा फुगत गेला. 2002 च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि एकाधिकार संपला.

त्यानंतर तीन-चार वर्षांतच विदर्भासाठी पॅकेजं जाहीर करायची वेळ आली. डिसेंबर 2005 मध्ये राज्याचं 1,075 कोटींचं, जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचं सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं. योजना मोडली हे आत्महत्यांचं एकमेव कारण नव्हतं. कर्ज, कोरडवाहू शेती, जागतिक बाजारातला पडता भाव, सगळंच होतं. पण भाव पडला तर तोटा सरकारचा, हा आधार तेवढा गेला होता.

तुमच्या पगारातले 200 रुपये

आता उलट बाजू. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप उघडून बघा. व्यवसाय कर म्हणून बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. हा आकडा असाच का? कारण घटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे.

राज्यात हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली होती. 1972 च्या दुष्काळात तिचा कस लागला. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ सरल्यावरही ही हमी चालू ठेवायची तर पैसा हवा होता. दिल्ली देईल याची वाट न पाहता राज्याने आपल्या हातातला एक छोटा कर शोधला. शहरातल्या पगारदाराकडून पैसा आणि गावातल्या मजुराला काम. कायदा 1977 मध्ये विधिमंडळात झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला तो 2005 मध्ये. दिल्ली महाराष्ट्राच्या मागे सव्वीस वर्षं होती.

म्हणजे मुख्यमंत्र्याची ताकद फक्त यादीत काय लिहिलंय त्यावर ठरत नाही. यादीच्या एका कोपऱ्यातून किती काढता येतं, यावरही ठरते.

आणखी एक यादी

एक यादी मात्र नाईकांच्या अगदी जवळची होती आणि तिच्यावर त्यांचा अधिकार नव्हता. ते बंजारा समाजाचे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बंजारा तांडे आहेत. बोली एक, सोयरीक एक. पण 1976 च्या केंद्रीय कायद्यानंतर पलीकडचा बंजारा अनुसूचित जमातीत गेला. कर्नाटकात तो अनुसूचित जातीत आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कलम 342 नुसार जमातींची यादी राष्ट्रपती काढतात आणि तीत बदल करायचा अधिकार संसदेचा. राज्याला स्वतःच्या नोकऱ्यांसाठी विमुक्त जातींचा वेगळा गट करता येतो, एवढंच. त्यामुळे पुसदच्या तांड्यातला मुलगा एमपीएससीचा फॉर्म भरताना व्हीजे-अ असतो आणि यूपीएससीचा भरताना ओबीसी. राज्याच्या प्रमुखपदी अकरा वर्षं याच समाजाचा माणूस होता, तरी ती यादी त्याच्या टेबलावर नव्हती.

खुर्ची कोणाची

कलम 164 म्हणतं, मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. व्यवहारात बहुमतवाल्या पक्षाचा नेता मुख्यमंत्री होतो आणि तो नेता कोण हे कित्येकदा पक्षाच्या दिल्लीतल्या श्रेष्ठींनी ठरवलेलं असतं. 1975 मध्ये वसंतराव गेले आणि शंकरराव चव्हाण आले, तेव्हा विधानसभेत काँग्रेसचं बहुमत जसंच्या तसं होतं. 1992-93 च्या मुंबई दंगलींनंतर सुधाकरराव गेले आणि केंद्रात संरक्षणमंत्री असलेले शरद पवार दिल्लीहून परत आले. सुधाकररावांनी 1992 मध्ये जलसंधारणाचं वेगळं खातं सुरू केलं होतं. कोरडवाहू जिल्ह्याच्या माणसाला सुचावं असंच ते काम होतं. पुढे ते हिमाचल प्रदेशचे राज्यपाल झाले, म्हणजे दुसऱ्या एका मुख्यमंत्र्याच्या राज्यात दिल्लीचे प्रतिनिधी.

मग दिल्लीपुढे काहीच चालत नाही म्हणून गप्प बसायचं? इथे दांडेकर समिती आठवावी. 1984 च्या तिच्या अहवालात राज्याच्या एकूण अनुशेषापैकी सुमारे 39 टक्के विदर्भाचा निघाला. पाणी, रस्ते, वीजपंप ही मोजदाद मुख्यतः राज्याच्याच कामांची होती. त्यात अकरा वर्षांची गहुलीची कारकीर्दही येते. तो हिशेब दिल्लीच्या नावावर टाकता येत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस घरात यायच्या आधी, केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमतही 2015 च्या आदेशापासून केंद्रच ठरवतं. खरेदी करणारी सीसीआय केंद्राची. पन्नास वर्षांत पऱ्हाटीचा बुंधाही थोडा थोडा दिल्लीकडे सरकला आहे.

म्हणून पुढच्या प्रचारसभेत कुणी मुख्यमंत्रीपदाचा उमेदवार कापसाला भाव देतो म्हणाला, तर त्याला विचारा, कुठल्या यादीतून देणार? आणि मत मागायला खासदार आला, की आयात शुल्काचं त्याला विचारा. शेताला पाणी का नाही, हे मात्र पहिल्यालाच विचारायचं. ते पहिल्यापासून त्याच्याच यादीत आहे.