चारातला एक गप्प का?

डिझेल गाडी 'मिसिंग' करायला लागली की गॅरेजमधलं पहिलं वाक्य बऱ्याचदा ठरलेलं असतं, "साहेब, पंप उतरवावा लागेल." दुसरं वाक्य म्हणजे खर्चाचा आकडा. पेट्रोलवाल्यांचं एक बरं असतं, प्लग काढून ठिणगी पडते की नाही ते बघता येतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी मोजकंच डिझेल फवारायचं. म्हणजे एखादा सिलिंडर गप्प बसला, तर डिझेल पोचलं नसेल, नीट किंवा वेळेवर फवारलं गेलं नसेल, नाहीतर हवाच पुरेशी तापली नसेल. ऐकायला सोपं आहे. पण यातलं 'डिझेल पोचवणं' माणसाला धडपणे जमायला तीसेक वर्षं लागली. आणि ते तुमच्या गाडीत कोणत्या काळातल्या पद्धतीने जमवलंय, यावर संशय कोणावर घ्यायचा ते ठरतं. म्हणून हा इतिहास.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं इंजिन ऑग्सबुर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ ला पेटलं, आणि पहिल्याच भडक्यात दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. पुढचं इंजिन कारखान्याच्या शाफ्टवरून पट्ट्याने फिरवत होते. १७ फेब्रुवारी १८९४ ला लिंडर नावाच्या कारागिराला दिसलं की पट्ट्याची वरची बाजू मधूनमधून हिसका देऊन ताणली जातेय. म्हणजे आता शाफ्ट इंजिनाला ओढत नाहीये, इंजिन शाफ्टला ओढतंय! त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असं सांगतात. त्या दिवशी इंजिन जेमतेम मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरलं, ८८ फेरे. मला हा किस्सा फार आवडतो, कारण सिलिंडर पेटतोय की नाही हे ओळखायची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. चाकाला हिसका बसतो का, ते बघायचं.

१८९७ च्या चाचणीत या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली आणि सगळीकडे नाव झालं. पण इंधन आत ढकलायला डिझेलने दाबाची हवा वापरली होती, आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. कारखान्यात किंवा जहाजावर ठीक, मोटारीत कुठे ठेवणार तो? १९१३ साली डिझेल जहाजातून इंग्लंडला जाताना समुद्रात नाहीसा झाला. तोवर मोटारीत त्याचं इंजिन बसलेलं नव्हतं.

तो प्रश्न सोडवला रॉबर्ट बॉशच्या कंपनीने. १९२२ साली काम हाती घेतलं आणि १९२७ पासून पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. कल्पना अशी: प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा एक छोटा प्लंजर (आपल्या गॅरेजच्या भाषेत 'एलिमेंट'), स्वतःचा पाइप आणि स्वतःचा इंजेक्टर. प्लंजरवर तिरकी खाच असते. प्लंजर थोडा फिरवला की डिझेल कमी किंवा जास्त जातं. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, त्यामुळे जोडी एकत्रच घासून बनवायची, याचा त्याला चालत नाही. आयडलिंगला एका वेळी जेमतेम पाच-दहा घन मिलिमीटर डिझेल जातं, पाण्याच्या एका थेंबापेक्षाही बरंच कमी. त्यात थोडा फरक पडला तरी इंजिन थरथरतं. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ २६० डी आली ती असाच पंप घेऊन. आपल्याकडे ही विद्या मुख्यतः 'मायको'मार्फत आली. १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली ही कंपनी २००८ मध्ये 'बॉश लिमिटेड' झाली, पण नोझल-इंजेक्टर बनवणाऱ्या तिच्या नाशिकच्या कारखान्यामुळे नाशिककरांच्या तोंडी 'मायको सर्कल' अजून आहेच.

आता या रचनेचा फायदा बघा. प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी, म्हणून एकेक वाट बंद करून बघता येते. इंजिन आयडलिंगला ठेवायचं, १७ नंबरचा पाना घेऊन एका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करायचा. डिझेल बाहेर झिरपतं, तो सिलिंडर बंद पडतो. इंजिन आणखी डळमळलं तर तो बिचारा काम करत होता, नट आवळा आणि पुढे चला. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो कामचुकार! आम्ही ऑफिसात एकेक मॉड्यूल कॉमेंट करून बग शोधतो, तेच हे. :) (डोळ्यांना चष्मा लावून, आणि हात फवाऱ्यापासून लांब ठेवून. ती धार कातडीतून आत शिरते.)

पुढची पायरी बरेच जण गाळतात. कामचुकार सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करायचा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल. जागीच राहिला तर कॉम्प्रेशन, टॅपेट, हीटर प्लग, नाहीतर पंप. धूरही बोलतो. पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाहीये. फक्त थंडीत सकाळी असेल तर आधी हीटर प्लग बघा. काळा धूर म्हणजे जास्त डिझेल किंवा कमी हवा, बऱ्याचदा नोझल थेंब गाळत असतं.

आणि पंपाचं काय? इथे इतिहास कामी येतो. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ डिझेलमध्ये बॉशचा नवा पंप आला. चार एलिमेंट गेले, एकच प्लंजर फिरत फिरत चारी सिलिंडरांना पाळीपाळीने डिझेल वाटू लागला. छोटा, हलका, स्वस्त. पुढे जगभरच्या छोट्या डिझेल गाड्यांनी हा 'रोटरी' पंप उचलला. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या जुन्या गाडीत हाच होता. एक सिलिंडर गप्प होता, आणि गॅरेजने सरळ पंप उतरवायला सांगितलं होतं. पण प्लंजर एकच असेल तर तो तिघांना नीट वाढून चौथ्यालाच उपाशी कसा ठेवेल? डिलिव्हरी व्हॉल्व्ह प्रत्येकाला वेगळा असतो, तो अडकू शकतो, पण ते बाहेरून उघडता येतं. दुसऱ्या मेकॅनिकने इंजेक्टर अदलाबदल केला आणि दोष त्याच्याबरोबर गेला. एका नोझलच्या पैशांत गाडी सरळ. हीच तक्रार जुन्या चार एलिमेंटवाल्या पंपाच्या जीपला असती तर पंपावरचा संशय रास्त होता. उलट रोटरी पंपाची गाडी चारी सिलिंडरांवर खडखडत असेल, तर पंपाचं नाव घ्यायला हरकत नाही. तेही टाकीपासून पंपापर्यंत कुठे एअर घेत नाहीये ना, हे पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघितल्यावरच. जुने रबरी होज आणि फिल्टरचं सील यांनी पंपांची फुकट बदनामी बरीच केलीय.

१९९७ साली अल्फा रोमिओ १५६ कॉमन रेल घेऊन आली आणि पान्याची गोष्ट संपली. तिथे पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, चालू इंजिनावर नट सैल करायचा विचारही करू नका. आता क्रँकशाफ्टवरचा सेन्सर प्रत्येक भडक्यानंतर चाकाचा वेग किती वाढला ते मोजतो, आणि कॉम्प्युटर अशक्त सिलिंडरला थोडं जास्त डिझेल देऊन सांभाळून घेतो. लिंडरच्या पट्ट्याचा हिसकाच, फक्त आकड्यांत. कान यापुढे हरतो हे मान्य करायला हवं: स्कॅनरवर सिलिंडरनिहाय दुरुस्तीचे आकडे दिसतात, आणि थरथर जाणवायच्या आधीच त्यांतला एक वेगळा पडलेला असतो.

स्कॅनर नसलेल्या मेकॅनिकनेही वाट काढलीच. चार इंजेक्टरांच्या रिटर्न लाइनला चार नळ्या, खाली चार रिकाम्या बाटल्या, आणि दोन-तीन मिनिटं आयडलिंग. जी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरते, तिचा इंजेक्टर आधी बाहेर काढायचा.