आजोळचं तंजावर

तंजावरला जाणारा माणूस मोठं देऊळ बघतो, मान डोलावणारी एखादी बाहुली विकत घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने कुंभकोणम नाहीतर मदुराई गाठतो. माझं आजोळ तिथलं, म्हणून हक्काने सांगते: निदान दोन दिवस मुक्काम करा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं, भाताच्या शेतांनी वेढलेलं हे शांत गाव. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ इथल्या गादीवर भोसले होते, आणि गादी गेल्यावरही इथल्या घरांतून मराठी गेली नाही.

आजोबांची गोष्ट नेहमी दीपाबाईंपासून सुरू व्हायची. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी विजापूरच्या फौजा घेऊन दक्षिणेत उतरले आणि 1676च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज कर्नाटकात आले. दोघे भाऊ कोळ्ळिडम नदीकाठी भेटले, वडिलांच्या दौलतीतल्या वाट्याचा विषय निघाला, आणि व्यंकोजी रातोरात निघून गेले. पुढे लढाई झाली, तीत व्यंकोजींची फौज हरली. मग समेट घडवला तो त्यांच्या पत्नी दीपाबाईंनी. महाराजांनी तहात बंगळूरचा मुलूख या भावजयीला चोळीबांगडीसाठी लावून दिला. “तंजावर टिकलं ते या बाईच्या शहाणपणावर,” असं आजोबा सांगायचे, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे.

देवळाच्या बाबतीत मात्र त्यांची एक गोष्ट बाजूला ठेवावी लागते. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं ते सांगत. पडते, सकाळी लवकर गेलात तर अंगणात लांबवर पसरलेली दिसेल. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं हे ग्रॅनाइटचं देऊळ इतकं भव्य आहे, की त्याला चमत्काराची गरज नाही. दोनशे फुटांहून उंच विमान आणि समोर एका दगडातला प्रचंड नंदी बघून लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळाजवळच्या भिंतीपाशी जा. तिथे दगडात देवनागरी अक्षरं आहेत आणि भाषा मराठी आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांच्या वंशाचा सगळा इतिहास इथे कोरून घेतला. ओळीखाली ओळ, फलकामागून फलक. आजोबा बोट न टेकवता, वीतभर अंतरावरून एकेक ओळ वाचून दाखवायचे. मालोजी, शहाजी, शिवाजी ही नावं कावेरीकाठच्या चोळांच्या देवळात वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

ज्यांनी हे कोरून घेतलं, त्यांच्या हाती तेव्हा राज्य उरलं नव्हतं. 1799च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग राहिला. उरलेलं आयुष्य सरफोजींनी पुस्तकांना, वैद्यकाला, शाळांना दिलं. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघायला पुरा अर्धा दिवस ठेवा. ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा, पण त्याला आजचं रूप दिलं ते सरफोजींनी. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्या आणि तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं तिथे आहेत. युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर राजांची इंग्रजी सही दिसते. त्यांच्या आधीचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहीत. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ सतराव्या शतकाच्या अखेरचं. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून सांगणाऱ्यांनी एकदा इथे यावं.

आजीच्या गोष्टी राजांच्या नसत, अन्नाच्या असत. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी जागोजागी छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली. त्यातलं ओरत्तनाडुचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलं. तंजावरहून मोटारीने तासाभरात पोचता येतं. कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात राजांनी छत्रांचा रिवाज सांगितला आहे: कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी जेवण, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला वैद्य, आणि मध्यरात्री मोठी घंटा वाजवून उपाशी राहिलेल्याला शेवटची हाक. राज्य गेलं तरी ही छत्रं आपल्याकडे राहू द्या, हे त्यांचं कंपनीकडे मागणं होतं. आजीला हा मजकूर ठाऊक नव्हता. घंटा मात्र ठाऊक होती, तिच्या आजीने सांगितलेली.

सांबाराची गोष्टही तिचीच. संभाजीराजे तंजावरला आले, आमटीला आमसूल संपलेलं, आचाऱ्याने चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावाने सांबार झालं. याला कागदाचा आधार नाही. गोष्ट म्हणून ऐकावी. आधार हवा असेल तर ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे, सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचा ग्रंथ, याच सरस्वती महालातला.

आमच्या घरचं पान मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. केळीच्या पानावर आधी डांगर पचडी: उडीद खरपूस भाजून दळलेलं पीठ ऐन वेळी घट्ट दह्यात कालवायचं, वर मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी. पीठ आधी कालवून ठेवलं तर आजी रागवायची, कारण ते फुगून पचडीचा गोळा होतो. मग रसवांगी: कोवळी वांगी, तूरडाळ, चिंचेचा कोळ आणि धणे, हरभऱ्याची डाळ, मिरच्या, खोबरं भाजून वाटलेला मसाला. गरम भातावर ती वाढली की पुढचा पदार्थ कोणी विचारत नसे. खानावळीत हे क्वचित मिळतं. गावात कोणी मराठी ओळखीचं असेल तर संकोच न करता विचारा. ही माणसं आग्रहाने वाढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुवय्यारूला जा. वाटेत नद्या ओलांडत कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीपाशी पोचता. सरफोजींनी दरबारात बोलावलं आणि त्यागराजांनी नम्रपणे नाकारलं, असं तिथे अजून सांगतात. समाधीचं दर्शन झालं की गावात मूगडाळीचा, तुपाने चकाकणारा अशोका हलवा खा. गरम खा, आणि वर फिल्टर कॉफी घ्या.

1855 साली शेवटचे राजे शिवाजी वारले, पुरुष वारस नव्हता आणि कंपनीने राज्य खालसा केलं. पण तंजावरच्या मराठी माणसांचं कर्तृत्व तिथे संपलं नाही. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. दरबारच्या जमाखर्चाचे, छत्रांच्या दाण्यागोट्याचे मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. त्यांना वाचणारे हवेत. मोडी काही महिन्यांत शिकता येते. तरुण वाचकांना माझी विनंती आहे: ती शिका आणि तंजावरला पर्यटक म्हणून एकदा जाऊन आलात की दुसऱ्यांदा वाचक म्हणून जा.