हळदीचे पेटंट आणि कुलूपबंद ग्रंथालय

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला क्रमांक ५,४०१,५०४ चे पेटंट बहाल केले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. भारतातील कोणत्याही घरात बोट कापले की प्रथम जे शोधले जाते, तेच तेथे नवा शोध म्हणून नोंदले गेले.

हे घडले कसे? तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत ठाऊक वा वापरात असेल, तर तिचे नावीन्य संपत असे. परदेशातील वापराला मात्र तेवढे वजन नव्हते. तेथील ज्ञान छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेले असावे किंवा त्याचे पेटंट तरी घेतलेले असावे, अशी अट होती. कोट्यवधी घरांतील रोजचा अनुभव या अटीपुढे शून्य ठरत होता.

१९९६ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजेच सीएसआयआरने, या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. घरोघरचा अनुभव पुरावा म्हणून चालणार नव्हता, म्हणून ग्रंथांचा शोध सुरू झाला. एकूण ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील दावे फेटाळण्यात आले.

विजय मोठा होता, पण त्याची पद्धत परवडणारी नव्हती. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणाबद्दल युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि त्यावरील अपील फेटाळले जाण्यास २००५ साल उजाडले. एकेका वनस्पतीसाठी अशी लढाई किती वर्षे लढत राहणार? खरा दोष अगोदरच्या टप्प्यावर होता. ज्ञान लिहिलेले होते, परंतु ते संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांत होते. पेटंट परीक्षकाला त्या भाषा येत नव्हत्या आणि त्याच्या शोधयादीत ते ग्रंथ नव्हते. जे सापडत नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

या जाणिवेतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाची, टीकेडीएलची, उभारणी सुरू झाली. येथे ग्रंथांची केवळ छायाचित्रे साठवलेली नाहीत. प्रत्येक श्लोकातील योगाची फोड केली जाते: कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणती कृती, कोणता विकार. प्रत्येक घटकाला वर्गीकरणातील संकेतांक मिळतो. ‘ज्वर’ म्हणजे ताप आणि ‘मसूरिका’ म्हणजे देवी, हा मेळ तज्ज्ञ एकदाच घालतात. पुढे संगणक त्या संकेतांकांवरून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत नोंद तयार करतो. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाला या संग्रहात प्रवेश मिळाला, पाठोपाठ इतर देशांच्या कार्यालयांनाही. आता दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच परीक्षक हा संग्रह चाळून पाहू शकतो.

तथापि या ग्रंथालयाला कुलूप होते. नमुन्यादाखल ठेवलेला थोडा भाग वगळता, गोपनीयतेच्या करारांखाली ते केवळ पेटंट परीक्षकांसाठी उघडे होते. त्यामागील भीती निराधार नव्हती: आयते वर्गीकृत ज्ञान हाती लागले, तर त्यात किरकोळ फेरफार करून कोणीही नवे पेटंट मागू शकेल. परंतु त्याचा परिणाम विचित्र झाला. म्युनिकमधील परीक्षकाला जो योग क्षणात दिसे, तो जामनगर किंवा पुण्यातील आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला त्या रूपात पाहता येत नसे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा संग्रह संशोधक, शिक्षणसंस्था व उद्योगांसाठी सशुल्क आणि टप्प्याटप्प्याने खुला करण्यास मंजुरी दिली, ती याच पार्श्वभूमीवर.

आणखी एक मर्यादा उरतेच. टीकेडीएलचा पाया मुख्यतः ग्रंथ हा आहे. ज्या आदिवासी समाजांचे वनस्पतिज्ञान तोंडी परंपरेने चालत आले, त्यांच्याकडे पुराव्यादाखल दाखवायला श्लोक नाही. १९९५ मध्ये घरगुती हळदीच्या वाट्याला जे आले, ते त्यांच्या वाट्याला आजही येऊ शकते. आणि ते ज्ञान नोंदवायचे, तर त्या नोंदीची किल्ली कोणाकडे राहावी, हे त्या समाजांना विचारावे लागेल.

हळदीच्या प्रकरणात उपयोगी पडलेला १९५३चा लेख कोणी पेटंट रोखण्यासाठी लिहिला नव्हता. तो डॉक्टरांनी वाचावा म्हणून छापला गेला, ग्रंथालयांत राहिला आणि चार दशकांनी पुरावा म्हणून उभा राहिला. चोराला अडवण्यासाठी बांधलेल्या ग्रंथालयाचे मोल मोठेच आहे. मात्र त्यातील ज्ञान पुढे न्यायचे असेल, तर तेथे परीक्षकाशेजारी वाचकालाही बसायला जागा हवी.