पंचवीस किलोचं पोलाद अंगावर चढवून ही माणसं एकमेकांना का झोडपतात?

इन्स्टाग्राम स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. लाकडी कठड्यांनी वेढलेलं छोटं मैदान. आत डोक्यापासून पायापर्यंत पोलादात मढलेली पाच विरुद्ध पाच माणसं. इशारा होतो आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर अक्षरशः धावून जातात. शिरस्त्राणावर कुऱ्हाड आदळते तेव्हा पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. कुणीतरी कठड्यावर आपटून उलटा पडतो. थोड्या वेळात सगळं संपतं आणि हीच माणसं एकमेकांना हात देऊन उठवतात, तोंडावरची झडप वर करून पाणी पितात.

खाली कमेंटमध्ये दोन प्रश्न हमखास असतात. हे खरं आहे का? आणि ही माणसं वेडी आहेत का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, खरं आहे. हत्यारं पोलादाची असतात, घावही खरे असतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

बुहुर्ट म्हणजे नेमकं काय?

रीलमध्ये दिसणाऱ्या या खेळाचं नाव बुहुर्ट. मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या स्पर्धांमध्ये गटागटाने होणाऱ्या लढतींसाठी हा शब्द वापरला जायचा. आजच्या खेळाला आंतरराष्ट्रीय रूप आलं ते 'बॅटल ऑफ द नेशन्स' या स्पर्धेमुळे. ती पहिल्यांदा २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात झाली. संघ होते चार देशांचे: रशिया, युक्रेन, बेलारूस आणि पोलंड. ही चार नावं लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे. त्यानंतर ही स्पर्धा वॉर्सा, फ्रान्समधलं एग-मोर्त, क्रोएशियातलं त्रोगिर, प्राग, बार्सिलोना अशी फिरत राहिली आणि चारचे कितीतरी देश झाले. महिलांचेही स्वतंत्र संघ उतरू लागले.

नियम कळले की व्हिडिओ पाहायला जास्त मजा येते. हत्याराला धार नसते, कडा बोथट आणि जाड ठेवलेली असते. भोसकायला सक्त मनाई आहे. गुडघ्याची मागची बाजू, मानेची मागची बाजू, जांघ, पाऊल इथे मारता येत नाही. दोन पायांव्यतिरिक्त शरीराचा तिसरा कुठलाही भाग जमिनीला टेकला की तो खेळाडू बाद. म्हणून तर हा खेळ तलवारबाजीपेक्षा कुस्तीच्या जवळ जातो. घाव घालण्याइतकंच महत्त्व समोरच्याला लोळवण्याला आहे. एवढं करूनही हाडं मोडतात, डोक्याला मार बसतो. मैदानाशेजारी डॉक्टर उभे असतात ते शोभेसाठी नाही.

बर्कलीच्या अंगणातली पार्टी

बुहुर्टच्या खूप आधी अमेरिकेत एक वेगळाच प्रकार सुरू झाला होता. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे डायना पॅक्सन या तरुणीच्या घरामागच्या अंगणात मित्रमंडळी जमली. पॅक्सन पुढे कादंबरीकार म्हणून ओळखल्या गेल्या. मध्ययुगाचं आणि विज्ञानकथांचं वेड असलेल्या या टोळक्याने त्या काळचे कपडे घालून चक्क एक 'टूर्नामेंट' भरवली. मग बर्कलीच्या रस्त्यातून मिरवणूकही काढली. पुढच्या कार्यक्रमासाठी बागेत जागा हवी होती, अर्जात संस्थेचं नाव लिहायचं होतं, म्हणून घाईघाईत नाव शोधलं गेलं: सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम.

आज या सोसायटीची स्वतःची 'राज्यं' आहेत. राजा निवडणुकीने ठरत नाही, वारसानेही नाही. जो स्पर्धा जिंकेल तो काही महिन्यांपुरता गादीवर बसतो. इथली तलवार पोलादाची नसते, वेताची असते. आणि वेताचा फटका किती लागतो हे मराठी शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

या लढाईतला सगळ्यात सुंदर नियम असा की घाव नीट लागला की नाही, हे मार खाणारा स्वतः सांगतो. हातावर लागला तर तो हात 'गेला', पायावर लागला तर गुडघ्यावर बसून लढायचं, डोक्यावर किंवा छातीवर लागला तर स्वतःहून मरून पडायचं. पंचही असतात, पण ते मुख्यतः सुरक्षिततेसाठी. खोटं बोलणाऱ्याचं नाव खराब होतं, एवढीच शिक्षा.

या संस्थेचा सगळ्यात मोठा मेळावा म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं 'पेन्सिक वॉर'. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या मेळाव्यात दहा हजारांहून जास्त माणसं जवळपास दोन आठवडे तंबू ठोकून राहतात. दोन 'राज्यां'मधल्या या युद्धाबद्दल एक जुना विनोद आहे: हरणाऱ्याला पिट्सबर्ग शहर ठेवून घ्यावं लागतं.

चिलखताचं ओझं किती?

सिनेमांनी आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं आहे. चिलखत घातलेला सरदार म्हणजे हलता न येणारा लोखंडी डबा, घोड्यावर चढवायला क्रेन लागणार आणि पडला तर कासवासारखा उताणा राहणार. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' या चित्रपटात सरदाराला खरोखर कप्पीने उचलून घोड्यावर बसवलेलं दाखवलं आहे. इतिहासात असं कधी होत असल्याचा पुरावा नाही.

पंधराव्या शतकात लढाईसाठी वापरलं जाणारं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असायचं. हे वजन खांद्यावर एकाच जागी टांगलेलं नसतं, तर अंगभर पट्ट्यांनी आणि बंदांनी वाटलेलं असतं. आत गोधडीसारखा थरांवर थर देऊन शिवलेला जाड अंगरखा असतो. पोलाद धार अडवतं, हा अंगरखा धक्का शोषतो. तो नसेल तर पोलाद न फुटताही आतलं हाड फुटू शकतं. नवख्यांचा पहिला खर्च बऱ्याचदा तलवारीवर होतो आणि जाणते लोक डोक्याला हात लावतात, कारण आधी हवं ते आतलं कापड आणि चांगलं शिरस्त्राण.

फ्रान्सचा नामांकित सेनानी बुसिको चिलखत घालून कोलांटी मारायचा आणि शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांवर वर चढायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलेलं आहे. थोडी अतिशयोक्ती गृहीत धरली तरी आजचे रिइनॅक्टर चिलखतात धावतात, लोळतात आणि उठतात, हे यूट्यूबवर कुणालाही पाहता येतं.

पण मग चिलखताचा त्रास नसायचाच का? इथे या छंदाने थेट विज्ञानाला मदत केली. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिलखती लढतींची प्रात्यक्षिकं करणाऱ्या अनुभवी स्वयंसेवकांना पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. चालताना शरीराची ऊर्जा दुपटीहून जास्त खर्च होत होती, धावतानाही जवळपास दुप्पट. तेवढंच वजन पाठीवर घेतलं तर इतका त्रास होत नाही. फरक पायांमुळे पडतो. पायांवरचं सात-आठ किलो पोलाद प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. त्यात छातीवरचा पत्रा खोल श्वास घेऊ देत नाही, म्हणून माणूस उथळ आणि भरभर श्वास घेत राहतो.

आता २५ ऑक्टोबर १४१५ चं एजिनकोर्ट डोळ्यांसमोर आणा. नांगरलेलं शेत, आदल्या रात्रीचा पाऊस, चिखल, आणि त्यातून पायी चालत येणारे फ्रेंच सरदार. इंग्रजांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांची काय अवस्था झाली असेल याचा अंदाज या ट्रेडमिलवरून बांधता येतो. कोलांट्या मारणारा बुसिको याच लढाईत कैद झाला आणि इंग्लंडमध्ये कैदेतच वारला.

असाच दुसरा प्रयोग २०१९ मध्ये व्हायरल झाला. 'टॉड्स वर्कशॉप' या यूट्यूब चॅनेलने इतिहासतज्ज्ञ टोबियास कॅपवेल यांना सोबत घेऊन त्या काळच्या पद्धतीने बनवलेल्या छातीच्या पत्र्यावर १६० पौंड ताणाच्या धनुष्याने बाण सोडले. पत्रा फुटला नाही. बाणांच्याच चिरफळ्या उडाल्या आणि काही घसरून गळ्याच्या दिशेने वर गेल्या. छातीच्या पत्र्यावर गळ्याखाली इंग्रजी 'व्ही'सारखी उंच पट्टी का ठोकलेली असायची, ते त्यावरून लगेच लक्षात येतं.

आणि ही चिलखतं बनतात कुठे? काही युरोपातले कारागीर मापं घेऊन हाताने घडवतात, पण बाजारातला बराच माल भारतातून जातो. १९४३ मध्ये सुरू झालेली देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी जगभर तलवारी पाठवते. रोमन सैनिकांचा वेश करणाऱ्या युरोपियन मंडळींमध्ये मेरठच्या 'डीपीका'चं नाव सगळ्यांना माहीत असतं. रोमच्या सैनिकाच्या डोक्यावरचा टोप उत्तर प्रदेशातून आलेला असू शकतो!

पुरावा येतो कुठून?

खरं चिलखत मिळण्याची एक जागा म्हणजे कबर. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बी शहराच्या तटाबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कच्या सैन्याने स्थानिक शेतकऱ्यांची अक्षरशः कत्तल केली. मृतांना चिलखतांसकट खड्ड्यांत पुरलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खड्डे उकरले तेव्हा सुमारे १,१८५ माणसांचे सांगाडे मिळाले. त्यात म्हातारे होते, मुलंही होती. कापडाच्या आत पोलादी पट्ट्या ठोकलेली दोन डझनांच्या आसपास चिलखतं तिथे सापडली. आज रिइनॅक्टर जे 'विस्बी' पद्धतीचं चिलखत हौसेने शिवून घेतात, त्याचा मूळ नमुना अशा एखाद्या शेतकऱ्याच्या अंगावरून आलेला आहे. त्याच विस्बीत १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये मध्ययुगीन सप्ताह भरतो.

दुसरा पुरावा पुस्तकांचा. जुनी हस्तलिखितं वाचून तलवारबाजी पुन्हा शिकणाऱ्या चळवळीला 'हेमा' म्हणतात (नाव वाचून भलतंच कुणी आठवलं तर दोष तुमचा नाही). यातली सगळ्यात जुनी पोथी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासची असून ती लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. तीत एक धर्मगुरू आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवताना दाखवला आहे आणि शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नावाची एक स्त्री लढते.

इथे महाराष्ट्राशी तुलना करण्याजोगा एक फरक आहे. कोल्हापूरच्या आखाड्यांत लाठी, पट्टा, विटा आजही वस्तादाकडून शिष्याकडे जातात. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जाही मिळाला. युरोपात ही साखळी तुटली. तिथे चित्र बघून, दोन चित्रांच्या मधली हालचाल काय असेल यावर वाद घालत शिकावं लागतं. उलट चिलखत घालून पूर्ण ताकदीने लढून पाहणं हे आपल्याकडे फारसं होत नाही. आपल्या मर्दानी खेळात प्रात्यक्षिकावर भर असतो, आणि शिवकालीन चिलखत बहुधा संग्रहालयाच्या काचेमागेच दिसतं.

लढाई नाही, तर स्वयंपाक

या जगातले बरेच जण तलवारीला हातही लावत नाहीत. लिव्हिंग हिस्ट्री म्हणजे त्या काळचं रोजचं जगणं जगून पाहणं: चुलीवर तेव्हाच्या पाककृती शिजवणं, झाडांच्या सालींपासून लोकर रंगवणं, चामडं शिवणं. यातलं सर्वात मोठं उदाहरण फ्रान्समधल्या बर्गंडी भागात आहे. गेदलों इथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने, तेव्हाच्याच अवजारांनी, एक अख्खा किल्ला नव्याने बांधला जातो आहे. दगड शेजारच्या खाणीतला, लाकूड शेजारच्या जंगलातलं, आणि जड सामान वर चढवायला माणसाने आत चालून फिरवायचं लाकडी चाक.

हा महागडा हट्ट वाटू शकतो. पण २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं छत जळालं आणि ते पुन्हा ओकच्या लाकडात, कुऱ्हाडीने तासून उभं करायचं ठरलं, तेव्हा हे काम हाताने करता येणारे सुतार हवे होते. त्यातले काही गेदलोंला तयार झालेले होते.

खोतिननंतर

पोलंडमध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानावर १९९८ पासून दर जुलैला १५ जुलै १४१० ची लढाई पुन्हा लढली जाते. पोलंड-लिथुआनियाच्या सैन्याने ट्यूटॉनिक सरदारांना हरवलं ती ही लढाई. पोलंडसाठी ती निव्वळ जत्रा नाही. देश तीन साम्राज्यांत वाटला गेला असताना, १९१० मध्ये, लढाईच्या पाचशेव्या वर्षी क्राकूवमध्ये तिचं स्मारक उभं राहिलं. नाझींनी आल्याबरोबर ते पाडलं. १९७६ मध्ये ते परत उभारलं गेलं.

म्हणजे भूतकाळाचा खेळ कधीच फक्त खेळ राहत नाही, आणि ही गोष्ट काही ठिकाणी फार वाईट वळणावर गेली. २०१४ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या स्लोव्हियान्स्क शहराचा ताबा घेणाऱ्या सशस्त्र गटाचा म्होरक्या इगोर गिर्किन ऊर्फ स्ट्रेलकोव्ह हा रशियन गुप्तचर खात्याचा माजी अधिकारी होता. जुन्या गणवेशात जुन्या लढाया पुन्हा लढण्याचा त्याला अनेक वर्षांचा नाद होता. २९८ माणसांचा जीव घेणाऱ्या एमएच-१७ विमान प्रकरणात नेदरलँड्सच्या न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला, तो हजर नसताना, जन्मठेप सुनावली.

आता त्या चार नावांकडे. २०१० मध्ये खोतिनच्या तटाखाली रशियन आणि युक्रेनियन संघ बोथट कुऱ्हाडींनी एकमेकांशी भिडले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केलं, तेव्हा सैन्याचा एक मार्ग बेलारूसमधून होता आणि लाखो निर्वासित पोलंडमध्ये शिरत होते. खोतिनचा किल्ला द्निस्टर नदीच्या काठावर अजून उभा आहे.