‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ : चित्रांच्या प्रतिकृती

जॉन जेम्स ऑड्युबॉन (१७८५–१८५१) याच्या पक्षिचित्रसंग्रहावरून नंतरच्या काळात काढलेल्या मुद्रित आवृत्त्या. मूळ संग्रह १८२७ ते १८३८ या काळात ८७ भागांत ग्राहकांना मिळत गेला. एकूण चित्रे ४३५. पहिले दहा ताम्रपट एडिंबरोच्या विल्यम लिझार्सने कोरले. तेथील रंगकामगारांच्या संपानंतर काम लंडनला रॉबर्ट हॅवेलकडे गेले. छटा अ‍ॅक्वाटिंटच्या, रंग हाताने भरलेले. प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात दाखवायचा, या आग्रहामुळे कागद सुमारे १०० × ६७ सेंमी. एवढा घ्यावा लागला. त्यातही फ्लेमिंगो मावेना, म्हणून त्याची मान खाली वाकवली. लहान केलेल्या प्रतीत या वाकलेल्या मानेचे कारणच हरवते.

१८४०–४४ ची फिलाडेल्फियातील शिलामुद्रित आवृत्ती लहान आकाराची होती, चित्रे ५००. ज्यूलियस बीनने १८५८ पासून पूर्ण आकाराचे रंगीत शिलामुद्रण आरंभले, परंतु अमेरिकन यादवी युद्धामुळे ते १५० चित्रांवर थांबले. १९७१–७२ च्या ॲम्स्टरडॅम आवृत्तीसाठी हारलेमच्या टायलर संग्रहालयातील प्रत वापरली, संच २५०. बहुरंगी ऑफसेटच्या या आवृत्तीइतके मूळ रंगांशी इमान फार थोड्या प्रतिकृतींनी राखले आहे. ॲबव्हिल आवृत्ती १९८५ ची, संच ३५०.

ताम्रपटांपैकी बहुतेक मोडीत जाऊन वितळवले गेले. सुमारे ८० उरले. त्यांतील सहांवरून १९८० च्या दशकात पुन्हा ठसे काढले गेले. त्यांना निव्वळ प्रतिकृती म्हणावे की उत्तरकालीन मूळ ठसे, यावर संग्राहकांत एकमत नाही.

ओळख : भिंगाखाली साध्या ऑफसेट प्रतीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, अ‍ॅक्वाटिंटमध्ये वेडावाकडा रवाळ पोत. ताम्रपटाच्या दाबाने कागदावर चौकटीसारखी खोल कडा उमटते. हॅवेलच्या कागदात ‘जे. व्हॉटमन’ हे जलचिन्ह व वर्ष असते. उजेडासमोर कागद धरल्याशिवाय कोणताही निर्वाळा देऊ नये. कडा कापून चौकटीत बसवलेल्या प्रतीत या खुणांपैकी काही नष्ट झालेल्या असतात.

कर्तृत्व : झाडे, फुले व निसर्गदृश्ये बऱ्याच चित्रांत जोसेफ मेसन, जॉर्ज लेहमन व मारिया मार्टिन यांची आहेत, प्रतिकृतींवर सहसा एकट्या ऑड्युबॉनचे नाव असते.

मूळ जलरंगचित्रे : न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत, १८६३ पासून.

इंकजेट प्रती : चित्रे प्रताधिकारमुक्त असल्याने कोणीही छापू शकतो.